होकाराचा महिना

संत तुकाराम नगर, पिंपरी
दि. ४ मे २०२५

ती. सुमनताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारायला लागल्यापासून फोनवर मी ओरडते आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगला सगळं कळतं, तुम्हाला सोडून. म्हणून पत्र. दादासाहेब होते तेव्हा तुम्हा नवरा-बायकोची अक्षरं बघून मला माझ्या अक्षराची लाज वाटायची. मास्तरांच्या घरात पत्र पाठवायचं म्हणजे पेपर तपासायला दिल्यासारखं वाटतं. चुका पोटात घाला.

बातमी तुमच्या भावाची आहे. गेल्या महिन्यात चाकणला कंपनीत परत पाठवलेल्या मालावरून सप्लायरच्या माणसाशी ह्यांची जुंपली. ह्यांनी टेबलावर हात आपटला, टेबलाची काच फुटली, आणि कंपनीच्या डॉक्टरांनी बीपी बघून ह्यांना सरळ घरी पाठवलं. घरी येऊन तोच राग आमटीवर निघाला. ताट सरकवलं. आपली पोर योगिनी दिवसभर हिंजवडीत काम करून, दोन तास गाडीत अडकून आलेली, ती न जेवता उठून गेली. त्या दिवशी मी ठरवलं की आता बस झालं.

आमच्या कॉलनीतल्या देवळाच्या हॉलमध्ये दर रविवारी ‘सहजभाव परिवार’ म्हणून काही माणसं जमतात. छबूबाई म्हणून पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई चालवतात. फी नाही, फोटो नाही, कुणाच्या पाया पडणं नाही. थोडं वाचन होतं, मग आठवडाभरात आपल्याला राग कुठे आला, हेवा कुठे वाटला आणि आपण काय केलं, ते प्रत्येकाने सांगायचं. दर महिन्याला एक संकल्प असतो, तो घरात आणि कामावर पाळायचा. हे एकटे जाईनात, म्हणून मीही गेले.

पहिल्या दिवशी हे गेटवर झडती द्यायला उभं केल्यासारखे बसले होते. मग छबूबाई म्हणाल्या की राग आला इथे थांबू नका, का आला ते विचारा, आणि उत्तर आलं की त्यालाही का विचारा. झालं. हे ताठ झाले. म्हणाले, अहो हे तर आम्ही लाइनवर रोज करतो, एखादा पार्ट खराब निघाला की मूळ कारण सापडेपर्यंत का-का विचारतो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात पांढरा बोर्ड लागला. त्यावर आम्हा तिघांची नावं, आणि ज्याचा स्वभाव बिघडेल त्याच्यापुढे लाल चुंबक. माझ्यापुढे तो दुपारपर्यंत लागलासुद्धा, कारण मी बोर्ड बघून बोलले.

पण ताई, घरात ओरडा नाही. मला अजून खरं वाटत नाही. तब्येत जपा आणि नवीन यंत्र घ्या, चिकटपणा करू नका.

आमच्यावर माया आहे तशीच ठेवा, कमी झाली तर कळवा.

आपली,
वर्षाली

---

औसा
दि. १६ मे २०२५

चि. सौ. वर्षालीस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे, शुद्धलेखनाचं विचारू नकोस.

गणूला बोर्ड लावून सुधारता येतं हे माझ्या आईला कळलं असतं तर तिचे हात वाचले असते. लहानपणी हा बैलाशी भांडायचा. बैल ऐकत नाही म्हणून त्याच्याशी दोन दिवस बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी बैलानेच येऊन चाटलं म्हणे, असं तो सांगायचा. मी काही पाहिलं नाही.

तू त्याला तिकडे नेलंस ते बरंच केलंस. बीपी वाईट. पण वर्षाली, एक सांगून ठेवते. आपला गणू जे करील ते टोकाला नेऊन करतो. शाळेत मास्तरांनी रोज एक पान शुद्धलेखन सांगितलं तर हा ताप असताना उठून पान पूर्ण करायचा आणि मग ओकायचा. नियम दिसला की ह्याला त्याच्यामागचं माणूस दिसत नाही. तेव्हा त्या छबूबाईंना सांग, ह्याला नियम देताना जपून द्या.

आणि रागीट माणसाचं एक असतं, तो कुठे उभा आहे ते लांबून कळतं. गोड माणसाला शोधावं लागतं. तुझे दादासाहेब गोड होते, मला माहीत आहे.

योगिनीचं कुठे बघताय का? पोरगी पंचविशीची झाली. इकडे दोन स्थळं आहेत, पण ती मुलं औशातून हलणार नाहीत आणि आपली हिंजवडीतून हलणार नाही. यंत्र घेईन, पण सावकाश. सध्या माणसं जे बोलतात त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही तरी काही बिघडत नाही.

तिघंही सुखात असा, आणि आठवण येईल तेव्हा चार ओळी लिहीत जा.

सुमनताई

---

संत तुकाराम नगर, पिंपरी
दि. २१ जुलै २०२५

ती. सुमनताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमची जीभ काळी आहे. रागावू नका, पण आज मला कुणावर तरी रागवायचंच आहे, आणि घरात ज्याच्यावर रागवायचं तो माणूस हसतो.

जुलैचा संकल्प होकाराचा होता. समोरचा काही मागेल, सांगेल, तर आधी हो म्हणायचं. का, तर आपलं मन पहिल्यांदा नाहीच म्हणतं आणि मग त्या नाहीला कारणं शोधत बसतं. ऐकायला छान आहे. मीही मान डोलावली होती. पण तुमच्या भावाने ते कंपनीच्या नियमासारखं घेतलं, एक तसूही इकडे-तिकडे नाही. सोसायटीच्या चेअरमनने आमच्या पार्किंगमध्ये वाळू टाकू का विचारलं, हो. ह्यांच्या चुलतभावाने मुलाला दोन महिने ठेवता का विचारलं, हो. तो येऊन बाहेरच्या खोलीत पसरला आहे आणि योगिनी तिचं ऑफिसचं काम स्वयंपाकघरात, त्या बोर्डाखाली बसून करत होती. मी काही बोलले की हे म्हणायचे, हो, तुझंही बरोबर आहे. ताई, उशीशी भांडता येत नाही हो. दहा बुक्क्या मारल्या तरी उशी आपली गुबगुबीतच.

कंपनीत मात्र बरं जमतं ह्यांना. सप्लायर म्हणतो माल चांगला आहे. हे म्हणतात हो, तुम्ही मेहनत केली आहे. हो, गाडी लांबून आली आहे. आणि मापात बसत नाही, माल परत. तिथे हातात मोजायचं गेज असतं. घरात नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या परिवारात अर्जुनराव म्हणून आहेत, निगडीचे. सज्जन माणूस, त्यांना तिथे येऊन पाच-सहा वर्षं झाली, आवाज कधी चढत नाही. परवाच्या रविवारी ते सगळ्यांसमोर उठले आणि म्हणाले की गणराजभाऊंसारखं मन मी फार थोड्यांचं पाहिलं, तुमची योगिनी आमच्या रविराजला द्याल का. आणि हे म्हणाले, हो.

मी ह्यांच्या शेजारी बसले होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पळत जाऊन पेढे आणले. माझ्या हातात पेढा आणि तोंडात शिव्या, आणि दोन्ही गिळून मी घरी आले.

ह्यांनी आनंदाने योगिनीला जाऊन सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान वर करून ऐकत राहिली. मग पुन्हा टाइप करायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली आणि म्हणाली की ट्रॅफिकचा फार त्रास होतो, काही दिवस मिनलच्या खोलीवर राहते. मिनल तिची ऑफिसमधली मैत्रीण, हिंजवडीलाच राहते. ट्रॅफिक. मी तिची आई आहे, मला काय कळत नाही? पोरीला हे स्थळ नको आहे आणि बापाला दुखवायचं नाही, म्हणून घर सोडून गेली.

मी ह्यांना म्हटलं, जाऊन शब्द परत घ्या. तर म्हणाले, दिलेला शब्द पाळणं हाही आपल्या वाचनात आहे. मी म्हटलं, मग मुलीचं काय. म्हणाले, हो, तेही आहे. आणि हसले. ताई, मला तो टेबलाची काच फोडणारा नवरा परत आणून द्या. त्याला निदान समजावता तरी यायचं.

तुम्हीच काहीतरी लिहा त्यांना. तुमचं ऐकतील. माझा जीव थाऱ्यावर नाही, तेवढं समजून घ्या.

आपली,
वर्षाली

---

संत तुकाराम नगर
दि. २७ जुलै २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

वर्षालीने तुला लिहिलं आहे हे मला माहीत आहे, कारण पोस्टात टाकायला पाकीट माझ्याच हातात दिलं होतं. मी वाचलं नाही. पण जाड होतं.

ताई, मी लपवत नाही. हो म्हणालो तेव्हा विचार केला नव्हता. महिनाभर हो म्हणून म्हणून ते तोंडावर बसलं होतं. नंतर अर्जुनरावांनी मिठी मारली तेव्हा छातीत धस्स झालं. पण धस्स झालं हासुद्धा अहंकारच असेल, असं मी स्वतःला समजावलं. का वाईट वाटलं? कारण माझं चुकलं असं लोक म्हणतील. ते का टोचतं? कारण मला लोकांत चांगलं दिसायचं आहे. असं विचारत विचारत मी खाली गेलो, तर तळाशी फक्त मीच सापडलो. योगिनी त्यात कुठेच आली नाही. आता लिहिताना हे दिसतं आहे.

मला राग परत नको आहे. तू त्या घरात नव्हतीस, म्हणून तुला माहीत नाही. मी दारातून आत आलो की पोरगी टीव्हीचा आवाज कमी करायची. कितीतरी वर्षं. ह्या तीन महिन्यांत ती माझ्याशेजारी बसून चहा प्यायला लागली होती. म्हणून मी संकल्प घट्ट धरून ठेवला. सैल सोडला तर जुना गणराज बाहेर येईल अशी भीती वाटते.

तिला फोन करतो. ती म्हणते, बाबा मीटिंगमध्ये आहे. मी म्हणतो, हो.

मुलगा खरंच चांगला आहे. तिच्याच भागात नोकरीला आहे, घर जवळचं आहे, माणसं निर्व्यसनी. नाही म्हणायला मला कारण सापडत नाही, आणि कारणाशिवाय नाही म्हणायला मी विसरलो आहे. तू मोठी आहेस, सांग काय करू.

तुझ्या रागालाही माझा नमस्कार, त्यातूनच मी वाढलो.

तुझा,
गणू

---

औसा
दि. ४ ऑगस्ट २०२५

चि. गणूस,
अ. आ.

तू मला विचारलंस हे चांगलं केलंस. आता ऐक, आणि हो म्हणू नकोस, नुसतं ऐक.

शब्द तू दिलास, पण दिलेली वस्तू तुझी नव्हती. शेजाऱ्याची म्हैस मी पाहुण्याला दान दिली आणि मग माझ्या शब्दाची चाड धरत बसले, तर लोक मला पुण्यवान म्हणतील का? पोरगी म्हैस नाही, म्हणून तर जास्त वाईट.

तू म्हणतोस राग परत येईल अशी भीती वाटते. अरे, नाही म्हणायला राग कशाला लागतो? माझ्या आयुष्यात मी नाही हा शब्द हजार वेळा म्हटला असेल, त्यात निम्म्या वेळा मी पोळ्या लाटत होते. तू कंपनीत रोज माल परत पाठवतोस की. तिथे हल्ली काच फुटते का?

योगिनीला हा मुलगा नको आहे हे आंधळ्यालाही दिसेल, मी तर नुसती बहिरी आहे. पोरीने घर सोडलं, अजून तिने काय पाटी लिहून लावायची? येत्या रविवारी त्या हॉलमध्ये जायचं आणि जिथे हो म्हटलंस तिथेच, त्याच माणसांसमोर, नाही म्हणायचं. मागाहून फोनवर सांगितलंस तर तू माझा भाऊ नव्हेस. अर्जुनराव चिडले तर चिडू देत. तेवढं सोसायचं, ती तुझी खरी साधना.

वर्षालीचा जीव सांभाळ. ती तुला तिकडे घेऊन गेली म्हणून स्वतःलाच दोष देत असेल, ती लिहीत नाही पण मला कळतं.

सुखी राहा, आणि झालं की लगेच कळव, मला तोवर जेवण गोड लागणार नाही.

तुझी,
ताई

---

संत तुकाराम नगर, पिंपरी
दि. ११ ऑगस्ट २०२५

ती. सुमनताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. ह्यांनी नाही म्हटलं.

तुमचं पत्र आल्यापासून हे ते खिशात घेऊन फिरत होते. रविवारी शर्टाची इस्त्री स्वतः केली. हॉलमध्ये आपली पाळी आली तेव्हा उठले आणि म्हणाले की त्या दिवशी मी हो म्हणालो, ते म्हणायचा मला हक्क नव्हता, मी ते परत घेतो, अर्जुनराव, मला माफ करा. आवाज चढला नाही, की पडलाही नाही. बारीक बोलले, पण मागच्या रांगेत ऐकू गेलं. ताई, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ह्यांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

छबूबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, गणराजभाऊ, मी मनातल्या मनात हो म्हणून समोरच्याचं ऐकून घ्यायला सांगितलं होतं, मुलगी द्यायला नव्हे. मग मला म्हणाल्या की हे मी पहिल्याच रविवारी सांगायला हवं होतं. त्यांनी तसं म्हटलं म्हणून माझा त्यांच्यावरचा निम्मा राग गेला. निम्मा आहे अजून.

आता गंमत ऐका. अर्जुनराव चिडतील, चार शब्द सुनावतील, त्यासाठी हे छाती पुढे काढून तयार होते. तर अर्जुनराव हसले. म्हणाले, स्वीकार आहे, जे झालं ते चांगल्यासाठी. आणि पुन्हा हसले. हे म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं असेल. ते म्हणाले, नाही नाही, आनंद आहे. हे घरी येईपर्यंत धुमसत होते. अरे, माणसाच्या मुलाला भर सभेत नाही म्हटलं, त्याला काही वाटू नये? जिन्यात मध्येच थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की वर्षाली, तू महिनाभर हे कसं सोसलंस? मी म्हटलं, हो, तुमचंही बरोबर आहे. मग दोघंही जिन्यात बसून हसलो.

घरी येऊन बोर्ड काढला, पुसून माळ्यावर टाकला. चुलतभावाच्या मुलाला सांगितलं की बाबा, महिनाअखेर खोली बघ. मी योगिनीला फोन लावला आणि सगळं सविस्तर सांगितलं, की तुझ्या मनासारखं झालं, मोडलं ते लग्न, आत्याचे उपकार मान. ती नुसतं बरं म्हणाली आणि फोन ठेवला. इतक्या दिवसांचं दडपण गेल्यावर माणसाला बोलायला सुचत नाही. शनिवारी येईलच. तिच्यासाठी मेथीचे मुटके करणार आहे.

तुम्ही नसता तर काय झालं असतं, विचारसुद्धा करवत नाही. तुमच्या शब्दाचा आधार आम्हाला असाच मिळत राहो.

आपली,
वर्षाली

---

हिंजवडी, फेज २
दि. १३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न.

दहावीच्या परीक्षेतल्या पत्रलेखनानंतर हे माझं पहिलंच पत्र. शाई पेन मिनलच्या रूममेटकडून घेतलं आहे, ती त्याने चित्रं काढते. तुला फोनवर ऐकू आलं असतं तरी मी हे फोनवर सांगू शकले नसते, मध्येच रडले असते.

आईने कळवलंच असेल. बाबांनी हॉलमध्ये उभं राहून नाही म्हटलं. आत्या, मला बाबांचा अभिमान वाटला. ज्या माणसाचा आवाज ऐकून मी टीव्ही बारीक करायचे, त्याने सगळ्यांसमोर न ओरडता आपली चूक सांगितली. तो परिवार वाईट नाही. आई आता त्यांना नावं ठेवते, पण तिला सांग की बाबांना तिकडे जाऊ दे.

पण मी खूप चिडले आहे, आणि कुणावर चिडू ते कळत नाही, कारण सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं.

मी घर सोडलं ते मुलगा नको म्हणून नाही. मी त्याला तेव्हा पाहिलंसुद्धा नव्हतं. बाबा स्वयंपाकघरात येऊन माझं लग्न ठरल्याचं सांगत होते आणि आई मागे पदर खोचून उभी होती. मला वाटलं आता दोघांपैकी एकजण तरी विचारेल. बाबा आईशी बोलायला लागले, आई बाबांशी. माझ्यावरून भांडण चाललं होतं आणि मी तिथेच बसून माझा ईमेल लिहीत होते. म्हणून निघाले. मला वाटलं, मी दिसले नाही की तरी आठवेल.

दोन दिवसांनी रविराजचा फोन आला. तो म्हणाला की मला आमच्या पप्पांनी पेढा देऊन सांगितलं, तुलाही तसंच कळलं का. आम्ही दोघंही हसलो. मग आमच्या गेटसमोरच्या टपरीवर चहाला भेटलो. पुन्हा एकदा भेटलो. तो बाइकबद्दल फार बोलतो आणि चहात बिस्किट बुडवून विसरतो. पण त्याने मला विचारलं की तुला काय वाटतं. ह्या सगळ्या प्रकरणात मला हे विचारणारा तो पहिला माणूस होता. मी म्हटलं, मला अजून माहीत नाही, थोडे दिवस दे. तो म्हणाला, मलाही माहीत नाही, घेऊ या थोडे दिवस.

त्या थोड्या दिवसांच्या मध्येच आईचा फोन आला, की तुझ्या मनासारखं झालं.

आई रोज फोन करत होती गं. जेवलीस का, चादर धुतलीस का, सर्दी गेली का. एकदाही हे विचारलं नाही. तिला खात्री होती. आणि तू, आत्या, औशात बसून माझं मन वाचलंस. बाबांनी तुझं पत्र मला फोटो काढून पाठवलं, सगळं कसं बरोबर आहे हे दाखवायला. आंधळ्यालाही दिसेल असं लिहिलं आहेस. हो म्हणताना बाबांनी मला विचारलं नाही. नाही म्हणताना तुम्ही तिघांनी विचारलं नाही.

रविराजला त्याच्या पप्पांनी हसत हसत सांगितलं, की तिकडून नकार आला. त्याला वाटलं, मी सांगायला लावलं. काल टपरीवर आला नाही. मी मेसेज केला, त्याने अंगठा पाठवला. आता मी त्याला काय सांगू, की मी नाही म्हटलंच नव्हतं? मग तो विचारेल, म्हणजे हो का? आणि तेही मला अजून माहीत नाही.

शनिवारी घरी जाणार आहे. आई मुटके करेल, बाबा मान खाली घालून बसतील, आणि दोघं मला मिळून सुखी करायला टपलेले असतील. मी आधी खाऊन घेईन आणि मग सांगेन. आईला फार लागेल, कारण तिला वाटतंय की ती माझ्यासाठी लढली. लढलीच ती. फक्त माझ्याकडे पाठ करून लढली.

तू ह्यातलं तिला आधी काही लिहू नकोस. मला लिही. वाट बघते आहे. त्यात सल्ला नको, स्थळ नको, बाबांची बाजू नको. एक प्रश्न लिहिलास तरी पुरे, आणि त्याचं उत्तर तुला आधी माहीत नसू दे.

तुझे आशीर्वाद मला हवेच आहेत, ते ह्या रागाखाली ठेव.

तुझी,
योगिनी